पुड्यावरच्या काळ्या रेघा

घरातला बिस्किटांचा एखादा पुडा घ्या आणि उलटून पाहा. मागे कमीअधिक जाडीच्या उभ्या काळ्या रेघा आणि त्यांच्याखाली बहुधा १३ आकडे छापलेले दिसतील. हा बारकोड. मोठ्या दुकानात तो यंत्रापुढे धरला, की बारीक आवाज होतो आणि पडद्यावर किंमत उमटते. मग किंमत त्या रेघांत लिहिलेली असते काय? पुष्कळांना तसे वाटते. पण रेघांत असतो तो केवळ क्रमांक. किंमत असते दुकानाच्या संगणकात.

यंत्र रेघांवर प्रकाश टाकते. काळी रेघ तो शोषून घेते, मधली पांढरी जागा परत पाठवते. परत आलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून क्रमांक ओळखला जातो. संगणक तो आपल्या यादीत शोधतो, किंमत बिलात मांडतो आणि त्याच वेळी शिल्लक मालातून एक पुडा वजा करतो. व्यापार पालटला तो या वजाबाकीने!

कोपऱ्यावरचा वाणी फळीकडे नजर टाकून सांगतो, की साबण संपत आला. पण ज्याची शंभर दुकाने आहेत, त्याने कुठे कुठे पाहावे? पूर्वी दुकान बंद ठेवून माल मोजावा लागे. आता कोणत्या गावी, कोणत्या वारी काय खपले हे त्याला बसल्या जागी कळते, आणि फळी रिकामी होण्याआधीच गोदामाला मागणी जाते. अर्थात फुटलेली बाटली किंवा चोरीला गेलेला डबा यंत्रापुढे येत नाही. म्हणून हाताने मोजणे अजून सुटलेले नाही, बरे का!

ही पद्धत दुकानात प्रथम वापरली गेली ती अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. २६ जून १९७४ रोजी तेथे च्युइंगगमचे एक पाकीट यंत्रापुढून गेले.

रेघ पुसट असेल आणि यंत्राने एखादा आकडा चुकीचा वाचला तर? त्यासाठी शेवटचा आकडा राखणदार म्हणून ठेवलेला असतो. समजा, क्रमांक ८९०१२३४५६७८९० आहे. (आरंभीचे ८९० म्हणजे क्रमांक भारतातील संस्थेने दिला, माल इथेच बनला असे मात्र नव्हे.) डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे आकडे मिळवा: २८. उरलेल्यांची बेरीज ३४. तिची तिप्पट १०२. एकूण १३०. ही बेरीज नेहमी १० ने भागली गेलीच पाहिजे, असा शेवटचा आकडा निवडतात. कोणताही एक आकडा बदलून पाहा, भाग जाणार नाही. मग यंत्र तो क्रमांक नाकारते.

राखणदार एका ठिकाणी मात्र फसतो. शेजारच्या १ आणि ६ यांची अदलाबदल झाली, तर त्याला पत्ता लागत नाही. असे का, ते वहीत मांडून पाहा.