पित्ताशयाची कळ आणि तिची औषधे

आपल्याकडे ‘पित्त’ या शब्दावर फार भार आहे. डोके दुखले, पित्त. आंबट ढेकर आला, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तरी पित्तच! त्यामुळे पित्ताशयाची खरीखुरी कळ येते, तेव्हाही मंडळी सोडा घेऊन स्वस्थ बसतात.

यकृतात तयार होणारे पित्त पित्ताशय नावाच्या लहानशा पिशवीत साठते. तेलातुपाचे जेवण झाले, की ही पिशवी आकुंचन पावते आणि पित्त नळीवाटे आतड्यात उतरते. पिशवीतला एखादा खडा नळीच्या तोंडाशी अडकला, की उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागी मधोमध कळ उठते. ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंतही जाते आणि अर्ध्या तासापासून काही तास टिकते.

मग औषध कोणते? पूर्वी डॉक्टर मॉर्फिन द्यायला कचरत. त्याने पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला स्नायू आवळतो, असे मानीत. त्याऐवजी पेथिडीन देत. आज पहिला मान बहुधा डायक्लोफिनॅकसारख्या दाहशामक औषधाचा. त्याने कळ शमते, शिवाय पित्ताशयाला सूज येण्याचा संभवही कमी होतो. मात्र जठरात व्रण, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असेल, तर ते आपल्या मनाने घेऊ नये. हायोसीनसारखी औषधे स्नायूंचा पीळ सैल करतात. पण वेदना थांबवण्यात ती उणी पडतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. कळ थांबली म्हणजे खडा गेला, असे नव्हे. खडे विरघळवणारे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल आहे खरे. परंतु ते कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवरच चालते, महिनोन्‌महिने घ्यावे लागते आणि पुढे खडे पुन्हा होऊ शकतात. वरचेवर कळ येत असेल, तर पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आता ती बहुधा दुर्बिणीतून होते. भिऊ नका, पिशवी गेली तरी यकृत पित्त करीतच राहते.

आणि कळ पाच-सहा तासांत ओसरली नाही, थंडी वाजून ताप भरला किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर गोळीवर गोळी घेत घरी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा. छाती भरून येऊन घाम सुटला, तरीही तेच करा. ते दुखणे हृदयाचे असू शकते. अशा वेळी ‘पित्त झालंय, उतरेल’ हे म्हणणे जिवावर बेतते.