आधी सांगाडा, मग इंजिन

लांब नाक, रुंद अंग आणि बॉनेटखाली भरपूर ताकद अशी अमेरिकन ‘मसल कार’ आपल्याकडच्या शोरूममध्ये कित्येक वर्षं आलीच नाही. त्या थाटाच्या सगळ्यात जवळ गेली ती हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. १९८४ ते २००२ एवढाच तिचा काळ. सुरुवातीला तिच्यात ॲम्बेसेडरचंच १५०० सीसीचं इंजिन होतं; पुढे १८१७ सीसीचं इसुझु इंजिन आलं तेव्हा तिला रूपाला शोभेल असा दम आला. जुनी गाडी घेऊन ती पुन्हा उभी करायची, असं मनात असलेल्या माणसाची नजर आधी कॉन्टेसावरच जाते, आणि त्यात नवल नाही. पण माणूस जळगाव-धुळ्याचा असेल आणि पैसा बेताचा असेल, तर त्यानं जुनी महिंद्रा जीप शोधावी, असं माझं ठाम मत आहे. आणि ती घेताना इंजिनाला नव्हे, चेसिसला आणि कागदांना पैसे मोजावेत.

जीप का, याचं उत्तर तिच्या घडणीत आहे. कॉन्टेसा किंवा प्रीमियर पद्मिनीला वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याची बॉडीच सगळा भार वाहते. दारांखालचा आणि पायाखालचा पत्रा कुजला की गाडीचा कणाच मोडतो, आणि तो सरळ करायला मोजमापाची साधनं आणि मुरलेला हात लागतो. जीपचं तसं नाही. खाली चेसिस, वर बोल्टांनी बसवलेली बॉडी. बोल्ट सोडले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. पत्रे बहुतेक सपाट, वळणं साधी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या कारागिराला यातलं काही अनोळखी नाही, आणि असे कारागीर खानदेशात तालुक्या-तालुक्याला आहेत. डाळ मिल, जिनिंग आणि तेल गिरण्यांच्या आधारानं वाढलेले लेथवाले शाफ्ट भरून देतात, बुश काढून देतात. पुण्या-मुंबईच्या छंदी माणसाला ज्या कामासाठी खास वर्कशॉप शोधावं लागतं, ते इथं शेतीच्या अवजारांच्या रांगेत उभं राहून होतं. त्यात सुट्या भागांची सोय आहे. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिस जीपचे भाग आणून जोडायला सुरुवात केली आणि पुढे तीच जात दशकानुदशकं बनवली. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, इथं ती पुढेही निघत राहिली. (उंच बॉनेट हा शोभेचा भाग नव्हे. तिच्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून झाकणही उंच करावं लागलं.) नंतरच्या एमएम ५४० मध्ये २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन आलं. काळी-पिवळी म्हणून गावोगाव धावलेल्या कमांडरशी तिचं घराणं एकच, त्यामुळे बरेच भाग एकमेकींना चालतात.

आता चेसिस. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस आणि वर खारी हवा. आपल्याकडे ६००-७०० मिलिमीटर. त्यामुळे खानदेशातली जीप कमी गंजते, असं सांगितलं जातं आणि ते बरंचसं खरंही आहे. पण इथं एक वेगळा शत्रू आहे, काळी माती. चिखल चेसिसच्या पोटात शिरतो, वरून वाळतो आणि आतून ओल धरून बसतो. पत्रा वरून धड दिसतो आणि आतून पापुद्रे सुटत असतात. म्हणून जीप बघायला जाताना पेचकस, छोटा हातोडा आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक न्यावं. आडवं पडून कमानपाट्यांचे हँगर जिथं चेसिसला जोडलेत तिथली माती आधी खरवडावी, मग हातोड्यानं हलकं ठोकत पुढून मागे जावं. चांगलं लोखंड खणकन वाजतं. कुजलेलं बद्द आवाज देतं, आणि तिथं पेचकस टोचला तर आत जातो. बॉडीवर चुंबक फिरवावं. जिथं ते धरत नाही, तिथं रंगाखाली पत्रा कमी आणि लांबी (पुट्टी) जास्त आहे. ताज्या चकचकीत रंगाच्या जीपकडे म्हणूनच जास्त संशयानं बघावं. उन्हात उभी असलेली, रंग उडालेली पण ठोकल्यावर खणकणारी जीप घेणाऱ्याचा पैसा वाचवते.

कागदांचं महत्त्व लोखंडाइतकंच. सरकारी खात्यांच्या लिलावातून जीप येण्याची जुनी वाट आता आटली आहे: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही, त्या भंगारात जातात. उरल्या त्या खासगी मालकांच्या गोठ्यांशेजारी आणि शेडमध्ये. मूळ मालक वारलेला, गाडी दोन-तीन हातांतून गेलेली, नाव मात्र पहिल्याचंच, हे सर्रास आढळतं. दिल्लीच्या नियमांच्या बातम्या वाचून जुनी गाडी इथंही बंद होते, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे; खासगी गाडीचं पासिंग करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, हरित कर भरावा लागतो. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण त्यावर रोजचं फिरणं बसत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. शेतावर जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी. व्यवहाराआधी चेसिसवर ठोकलेला नंबर घासून स्वच्छ करावा, वर कागद ठेवून पेन्सिल फिरवावी आणि उमटलेली छाप आरसी बुकाशी अंकागणिक ताडून पाहावी. एक अंक जुळला नाही तर कितीही स्वस्त असली तरी ती जीप सोडून द्यावी.

यावर जाणकार म्हणतील, मूळ पेट्रोल इंजिन गेलं तर जीपमध्ये उरलं काय? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पेट्रोल महाग झालं तसं असंख्य मालकांनी डिझेल इंजिनं बसवली. तोही या यंत्राच्या इथल्या इतिहासाचाच भाग आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीनं आणि आरसीवर नोंदवूनच चालतो, त्यामुळे नोंद नसलेलं इंजिन हा कागदाचाच दोष धरावा. बंद पडलेलं पण नोंदीतलं इंजिन बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून पुन्हा चालतं. दुसरा आक्षेप खर्चाचा: एवढ्यात अलीकडची, वापरलेली पण चांगली गाडी येईल. येईलच, आणि ज्याला फक्त गाडी हवी त्यानं तीच घ्यावी. जीप उभी करणाऱ्यानं मात्र खरेदीच्या दिवशी निम्मी रक्कम तरी खिशात राखावी, कारण खरेदी हा पहिला हप्ता असतो. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, सुरक्षिततेचा. जुन्या सीजे-३बीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, सीटबेल्ट नाही, छप्पर कापडाचं. म्हणून पैसे संपत आले तरी ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम टाळू नये, सीटबेल्ट बसवून घ्यावेत, आणि भुसावळ-धुळे महामार्गावर ट्रकांच्या रांगेत ती घालू नये. यावलहून पालकडे सातपुड्यात चढणारा रस्ता, लळिंग किल्ल्याच्या पायथ्याचा फेरा, केळीच्या मळ्यातली वाट, हे तिचं क्षेत्र.

कामाचा क्रमही याच विचारातून ठरतो: चेसिस, ब्रेक, स्टिअरिंग, मग इंजिन आणि वायरिंग, रंग शेवटी. आणि रंगाचं काम वैशाखात काढू नये. जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना फवाऱ्यातला थिनर हवेतच उडतो, रंग पत्र्यावर कोरडा पडतो आणि हाताला खरखरीत लागतो. दिवाळीनंतर, सकाळचं दव सुकल्यावर, डेंटर-पेंटरला बोलवावं.