हंटिंग्टन व्याधी : प्रत्येक अनैच्छिक हालचाल कंपवात नव्हे

अनैच्छिक हालचालींचा रुग्ण आला की कंपवाताचे निदान आणि कवचबीजाची योजना, हा क्रम पुष्कळदा ठरलेला असतो. हंटिंग्टन व्याधीत मात्र तो अपायकारक ठरू शकतो.

अमेरिकेतील डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये या व्याधीचे वर्णन केले. त्यास कारणीभूत असलेले चौथ्या गुणसूत्रावरील जनुक १९९३ मध्ये सापडले. माता किंवा पिता यांपैकी एक बाधित असल्यास प्रत्येक अपत्यास सदोष जनुक मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. सुश्रुतोक्त आदिबलप्रवृत्त व्याधींचे हे ठळक उदाहरण होय. लक्षणे बहुधा ३० ते ५० वर्षे वयात प्रकटतात.

संप्राप्ती : हालचालीची आज्ञा मेंदूच्या बाह्यस्तरातून निघते. कोणती हालचाल होऊ द्यावी व कोणती रोखावी, हे ठरविण्यात मेंदूच्या अंतर्भागातील ‘बेसल गँग्लिया’ या केंद्रसमूहाचा मोठा वाटा असतो. त्यातील स्ट्रायटमपासून दोन मार्ग निघतात. एक इष्ट हालचालीस वाट देतो, दुसरा अनिष्ट हालचाल रोखतो. डोपामाइन पहिल्यास उत्तेजित करते व दुसऱ्याचे दमन करते. हंटिंग्टन व्याधीत रोखणाऱ्या मार्गाच्या पेशी आधी नष्ट होतात. लगाम सुटतो आणि तांडवसदृश हालचाली सुरू होतात. पुढे दुसरा मार्गही क्षीण होऊन ताठरपणा व मंदगती येते.

औषधविचार : पार्किन्सन व्याधीत डोपामाइनची उणीव असते, म्हणून एल-डोपायुक्त कवचबीज तेथे उपयोगी पडते. हंटिंग्टनमध्ये तेच तांडव वाढवू शकते. सर्पगंधेतील रिसर्पिन डोपामाइनचा साठा घटविते. परंतु त्याने विषाद येऊ शकतो आणि या रुग्णांत विषाद व आत्महत्येचा धोका मुळातच अधिक असतो. सबब सर्पगंधेचाही परस्पर प्रयोग करू नये.

व्यवच्छेदक निदान : पार्किन्सनमधील कंप लयबद्ध व विश्रांतीत अधिक असतो. तांडव अनियमित असून एका अवयवातून दुसऱ्यात सरकते. रुग्णास जीभ बाहेर काढून स्थिर ठेवता येत नाही; हात घट्ट धरण्यास सांगितल्यास पकड कमीजास्त होत राहते. कुलवृत्त आवर्जून विचारावे.

संशय आल्यास रुग्णास मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. जनुकचाचणी समुपदेशनानंतरच व्हावी. व्याधी मुळातून थांबविणारा उपचार अद्याप रूढ झालेला नाही. तथापि वजन घटू नये यासाठी पौष्टिक आहार, गिळताना ठसका लागू नये म्हणून योग्य घनतेचे अन्न आणि कुटुंबास धीर, हे वैद्याच्या हातचे आहे. औषधालयचालकांनीही ‘कंपासाठी’ कवचबीज मागणाऱ्यास निदान कोणी केले, एवढे अवश्य विचारावे.