कच्च्या वाटेवर एकट्याने जाताना

सुट्टीचा दिवस उजाडला की आपल्या वस्त्यांतील तरुण मोटारसायकल काढून डोंगराकडे निघतात. कोणी किल्ला पाहायला, कोणी लेणी पाहायला, तर कोणी नुसतीच चिखलातून, दगडधोंड्यांतून गाडी काढायला. आठवडाभर कारखान्यात राबल्यावर मोकळी हवा कोणाला नको? आम्हीही त्यातलेच. पण अशा वाटेवर एकट्याने जाणे म्हणजे काय, हे आम्ही पाय मोडून शिकलो. तो अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी भर श्रावणात आम्ही मावळातील एका धनगरवाड्याच्या वाटेला लागलो. घरी सांगितले, "मित्राकडे जाऊन येतो." उतारावर शेवाळलेल्या दगडावरून पुढचे चाक सटकले आणि गाडी डाव्या पायावर आडवी झाली. पाय खाली अडकला. मोबाइलला रेंज नाही, हाकेला ओ नाही. दीड तास पावसात पडून होतो. पायाच्या कळेपेक्षा एकच विचार जिवाला खात होता. घरचे शोधायला निघालेच, तर मित्राच्या दारात जातील. इथे कोण येणार?

शेवटी म्हशी हाकत एक म्हातारबाबा आले. गाडीला हात लावण्याआधी त्यांनी विचारले, "पोलिसांचं लचांड तर लागणार नाही ना माझ्या मागं?" मग त्यांनीच गाडी उचलली आणि माणसे गोळा केली.

पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. तेवढा पगार बुडाला, गाडीचे हप्ते थकले. सौभाग्यवतींनी रात्र रात्र शिवणयंत्र चालवून घर सावरले. त्या एवढेच म्हणाल्या, "पडलात त्याचं काही नाही. खोटं सांगून गेलात, त्याचं वाईट वाटलं."

घरी चिठ्ठी ठेवा

म्हणून पहिली तयारी गाडीची नव्हे, घरची. कुठल्या वाटेने जाणार, शेवटचे गाव कोणते, किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून ठेवा. ठरल्या वेळेनंतर किती तास वाट पाहायची आणि मग कोणाला कळवायचे, तेही लिहा. वाटेत बेत बदलला तर रेंज असेपर्यंत कळवा. शेवटच्या गावात चहा घ्या आणि पुढची वाट विचारा. तुम्ही तिकडे गेलात हे चार माणसांना ठाऊक होते.

गाडी आणि सामान

निघण्यापूर्वी ब्रेक, चेन, टायरची हवा पाहा. जादा क्लच केबल, प्लग व प्लगपाना, पंक्चरचे सामान, छोटा पंप, बॅटरी, दोरी, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि स्वच्छ पट्ट्या बरोबर घ्या. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पट्टा आवळलेला. पायात चप्पल नको, घोट्यावर येणारे बूट हवेत. शिट्टी खिशात ठेवा, डिकीत नको. अडकलेल्याचा हात डिकीपर्यंत पोहोचत नाही.

वाटेवर

उतारावर इंजिन बंद करू नका, पहिल्या गिअरमध्ये उतरा. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. ओढ्यात आधी पायी उतरून खोली आणि ओढ पाहा. पाणी गढूळ व वेगाचे असेल तर मागे फिरा. इंजिनात पाणी शिरले असेल तर किक मारू नका, आधी प्लग काढून पाणी बाहेर काढा. साप चावला तर कापू नका, चोखू नका. तो अवयव हलू न देता तडक सरकारी दवाखाना गाठा. अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी नेऊ नका.

आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 लावून पाहा. दुसऱ्या कंपनीची रेंज असेल तर हा फोन लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी 108 आहे.

आणि त्या म्हातारबाबांची भीती? मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे गावोगाव सांगा.

मित्रहो, डोंगर जरूर पाहा. शक्यतो दोघे-तिघे मिळून जा. एकट्याने जायचेच असेल तर घरी खरे सांगून जा. आमच्या घरी आता दाराजवळच्या खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तिच्यात लिहिल्याशिवाय गाडीची किल्ली मिळत नाही.