बेवारस बॅगेला हात लावायचा नाही

साहसी कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या मुलांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: दिसेल ते उचलायचं. दोरी, किल्ली, फुटकी बादली, कुणाची तरी टोपी, सगळं आपल्या पोतडीत; पुढे कधीतरी कामाला येतंच. भाईंदर पूर्वेतल्या आमच्या सोसायटीतल्या चार-पाच मुलांनी मे महिन्याच्या सुट्टीत हरवलेल्या वस्तू शोधण्याचा गेम बनवायला घेतला, तेव्हा त्यांचा पहिला आराखडाही याच वळणाचा होता. एक मुलगी बोरिवलीच्या शाळेतून लोकलने घरी येते. जूनचा पहिला पाऊस, गर्दी, उतरायची घाई. घरी पोहोचते तेव्हा टिफिनची पिशवी नाही, छत्री नाही आणि रेल्वेचा पासही नाही. आता निघा शोधायला. पहिलं चित्र भाईंदर स्टेशनच्या फलाटाचं होतं. बाकाखाली पिशवी दिसते, तिच्यावर माऊसने टिचकी मारली की ती मिळाली.

चित्र काढणाऱ्या आठवीतल्या मुलीनेच हात थांबवला. "पण काकू, ती पिशवीला हात कसा लावेल? बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून सारखं सांगत असतात ना?"

या एका प्रश्नाने सगळा गेम पालटला. पश्चिम रेल्वेवर रोज ये-जा करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या कानात ती सूचना मुरलेली आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याच मार्गावरच्या लोकलगाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात बॉम्बस्फोट झाले. त्यातला एक मीरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान. या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण त्यांच्या आईवडिलांपैकी बहुतेकांना त्या संध्याकाळी आपण कुठे होतो हे सांगता येतं. आमच्याकडे फलाटावरची एकटी पिशवी एकाच वेळी दोन गोष्टी असते: कुणाची तरी हरवलेली वस्तू आणि सगळ्यांनी लांब राहावं अशी वस्तू. अमेरिकेत किंवा जपानमध्ये बनलेल्या गेममध्ये ही अडचण येत नाही. आमच्या मुलांना ती पहिल्याच चित्रात आली, आणि त्यांनी ती टाळली नाही याचं मला फार अप्रूप वाटलं.

मी त्यांना एक जुना गेम दाखवला. ह्यूमंगस एन्टरटेन्मेंट ही कंपनी १९९२ मध्ये रॉन गिल्बर्ट आणि शेली डे यांनी लहान मुलांसाठी साहसी गेम करायला सुरू केली. तिचा 'पजामा सॅम' १९९६ चा. अंधाराला घाबरणारा एक मुलगा कपाटातून अंधाराच्या देशात उतरतो आणि तिथे त्याचा मुखवटा, विजेरी आणि जेवणाचा डबा त्याच्यापासून हिरावले जातात. ते तिन्ही परत मिळवायचे. या गेममध्ये कुणी मरत नाही, घड्याळ मागे लागत नाही, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. शिवाय दर नव्या डावात वस्तूंच्या जागा बदलतात, त्यामुळे दुसऱ्यांदा खेळणाऱ्या मुलाला आठवणीवर विसंबता येत नाही. मुलांचा वेळ आणि मुलांची बुद्धी या दोन्हींचा मान राखणारे गेम माझ्या पाहण्यात थोडेच आहेत. हा त्यातला एक.

जागा बदलण्याची युक्ती मुलांनी लगेच उचलली. तीन वस्तू, प्रत्येकीच्या तीन शक्य जागा, म्हणजे सत्तावीस वेगवेगळे डाव. हा गुणाकार सहावीतल्या मुलाने बोटांवर केला आणि मग तासभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच आकडा सांगत होता. पण उचलायचं नाही, तर मिळवायचं कसं? मुलांचं उत्तर असं: विचारायचं. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी ताब्यात असेल. टिफिन विरारपर्यंत जाऊन तिथल्या आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, चौकीत, किंवा महिला डब्यातल्या सहप्रवासी मावशींकडे, किंवा भाईंदरच्या स्टेशन मास्तरांकडे. छत्री शेअर रिक्षात, वाण्याच्या दुकानात किंवा किनाऱ्यावरच्या उत्तन गावच्या बसमध्ये. पास कुणाला सापडला तर त्यावर नाव असतं, म्हणून तो शोधायला सगळ्यात सोपा. छत्री सगळ्यात अवघड, कारण पावसाळ्यात सगळ्यांच्याच छत्र्या काळ्या.

एकाने मोबाइलही हरवू द्या म्हणून हट्ट धरला होता. तो मोडला, कारण मोबाइल शोधायची रीतच वेगळी. आधी त्यावर फोन करून पाहायचा, नाही लागला तर पोलिसांत तक्रार, आणि २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या संचार साथीच्या संकेतस्थळावरून त्याच्या आयएमईआय क्रमांकावर बंदी घालायची. तिथे माणसांना विचारत फिरायला जागाच उरत नाही.

आता विचारल्याबरोबर वस्तू हातात पडली तर गेम पाच मिनिटांत संपेल. साहसी गेमचा जुना रिवाज असा की समोरचा माणूस बदल्यात काहीतरी मागतो: मला चहा आणून दे, मग सांगतो. मुलांना ते पटलं नाही. रिक्षावाले काका छत्री परत करायला चहा मागणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते खरं वाटतं. पण ते एक गोष्ट नक्की विचारतील: ही तुझीच कशावरून? रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन केला तरी हेच होतं. गाडी कोणती, किती वाजताची, कुठल्या डब्यात बसला होतात, पिशवीचा रंग कोणता. आरपीएफ 'ऑपरेशन अमानत'खाली प्रवाशांचं राहिलेलं सामान जपून ठेवतं आणि पडताळणी करूनच परत देतं. तेव्हा या गेममधल्या पोतडीत वस्तू नाहीत, तपशील आहेत. मुलगी गावभर फिरून आपल्याच वस्तूंबद्दलची माहिती गोळा करते: टिफिनमध्ये आज काय होतं, छत्रीच्या मुठीला कुठल्या रंगाचा दोरा बांधलाय, आपण पुढून कितव्या डब्यात चढलो.

सगळ्यात रंगलेला भाग हा. सकाळी आई डबा भरते तो प्रसंग गेमच्या सुरुवातीलाच आहे. त्यात थालीपीठ, भेंडीची भाजी किंवा थेपले यांपैकी काहीतरी येतं, आणि दर डावात ते बदलतं. आरपीएफचे काका विचारतात, डब्यात काय होतं? खेळणाऱ्याने सकाळी नीट पाहिलं असेल तर ठीक. नसेल तर घरी फोन करून आईला विचारायला हवं, आणि त्यासाठी स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्या दादांकडे फोन मागायला हवा. इथे वाद झाला. सुरुवातीलाच उत्तर दाखवून टाकलं तर पुढे कोड्यात राहिलं काय? गिल्बर्टने १९८९ मध्ये साहसी गेमच्या दोषांवर एक निबंध लिहिला होता. त्यातला एक मुद्दा नेमका हाच: अडचण आधी दिसावी, तिची सोडवणूक नंतर. दरी पाहिली की दोरीची आठवण यावी; दोरी आधीच खिशात असेल तर दरी ओलांडण्यात गंमत नाही. मुलांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. स्वयंपाकघरात डबा दिसतो, पण त्याच वेळी आजी देवघरातून हाक मारते, बाबा पंखा बंद कर म्हणतात, बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजतो. उत्तर समोर असतं, पण बघणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे ओढलेलं. घराघरातली सकाळ अशीच असते, आणि वस्तू हरवतात त्याही अशाच सकाळी.

मग भिंतीवर मोठा कागद लागला. गिल्बर्ट ज्याला कोड्यांच्या अवलंबनाचा तक्ता म्हणतो तो असा: शेवट आधी लिहायचा आणि तिथून मागे मागे यायचं, विणलेला स्वेटर टोकापासून उसवत यावं तसं. टिफिन मिळाला; त्याआधी ओळख पटली; त्याआधी डब्यात काय होतं ते कळलं; त्याआधी फोन मिळाला; त्याआधी दादांशी बोलणं झालं. प्रत्येक गोल, प्रत्येक बाण. एका जागी बाणाने गोल फेरा घेतला होता: छत्री मिळायला पास दाखवायला हवा आणि पास मिळायला छत्री घेऊन पावसात जायला हवं. डाव तिथेच अडकला असता. कागदावर ते एका नजरेत दिसलं. संगणकावर शोधायला दोन दिवस गेले असते.

गेम उभा राहिला तो स्क्रॅचमध्ये. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठी खुली केलेली ही प्रणाली. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे की पडद्यावरची चित्रं हलायला लागतात. पैसे लागत नाहीत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटही लागत नाही. प्रत्येक वस्तूसाठी एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा लक्षात ठेवणारा कप्पा: टिफिन कुठे, एक ते तीन. प्रत्येक माणसासाठी दुसरा: शून्य म्हणजे अजून विचारलं नाही, एक म्हणजे विचारलं, दोन म्हणजे ओळख पटली, तीन म्हणजे वस्तू दिली. हा आकडा नसेल तर आरपीएफचे काका टिफिन देऊन झाल्यावरही पुन्हा विचारत राहतात, डब्यात काय होतं? एक घोळ मात्र भन्नाट होता. चित्र बदललं की छत्रीही जागा बदलायची. रिक्षावाले काका म्हणायचे, माझ्याकडे आहे; खेळणारा घरी जाऊन दोऱ्याचा रंग विचारून यायचा, तोवर छत्री वाण्याकडे पोहोचलेली असायची. जागा ठरवणारा ठोकळा चुकून प्रत्येक नव्या चित्राला जोडला गेला होता. तो हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे डावाच्या आरंभी एकदाच चालेल असा नेला, तेव्हा छत्री एका जागी राहिली.

चित्रांसाठी मुलं खरोखर हिंडली. फलाट तिकीट काढून स्टेशनवर, जेसल पार्कच्या खाडीकाठी, आणि बसने उत्तनला. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ सालची, आणि २०११ च्या जनगणनेत इथे आठ लाखांवर माणसं मोजली गेली. पण टॉवरांच्या रांगांतून बाहेर पडून बस पश्चिमेकडे वळली की थोड्या वेळात मिठागरांची मोकळी जमीन लागते, पुढे कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची गावं, आणि चौक गावात तो धारावी किल्ला, ज्यासाठी १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. जन्मापासून भाईंदरमध्ये राहणाऱ्या दोन मुलांनी उत्तन पहिल्यांदा पाहिलं.

तिथल्या एका मावशींनी चित्रांची वही हातात घेतली आणि पान उलटता उलटता एक चूक काढली. चित्रात किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. गोष्ट कधीची? जूनची. मग पावसात बोंबील कोण वाळत घालतं? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ताडपत्री टाकून ठेवलेल्या असतात. आठवीतल्या चित्रकर्तीने तिथेच वाळूत बसून ते पान नव्याने काढलं: ताडपत्र्या, उलट्या टोपल्या, जाळी दुरुस्त करणारे हात. गेममध्ये छत्री उत्तनच्या बसमध्ये राहिली असेल तर ती सांभाळून ठेवणाऱ्या बाई आता त्या जाळ्यांजवळ बसलेल्या दिसतात.

चाचणीला बसवला तो तळमजल्यावरचा पहिलीतला मुलगा. त्याला अजून भरभर वाचता येत नाही, म्हणून पडद्यावरची वाक्यं त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. 'पजामा सॅम'मध्ये वाचावं असं काही लागत नाही, सगळं बोललेलं असतं, ते का हे सगळ्यांना त्या दिवशी उमगलं. आता आवाज भरण्याचं काम चाललंय. आई मराठीत बोलते. वाणीकाका गुजरातीत, रिक्षावाले काका हिंदीत, आणि जाळ्यांजवळच्या बाईंसाठी उत्तनच्या त्या मावशींनाच फोनवर आवाज पाठवायला सांगितलंय, कारण तिथली बोली इथे कुणाला नीट जमत नाही. ज्या मुलीच्या वर्गात चार भाषांची मुलं आहेत तिच्या गेममध्ये सगळे एकाच भाषेत कसे बोलतील, हा मुलांचाच युक्तिवाद.

पहिलीतल्या त्या मुलाने गेममध्ये सगळ्यात आधी बाकाखालच्या पिशवीवर टिचकी मारली. ती पिशवी मुलांनी काढून टाकलेली नाही, मुद्दाम ठेवली आहे. तिच्यावर टिचकी मारली की मुलगी दोन पावलं मागे सरकते आणि फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या पोलिसाकडे बोट दाखवते. त्याच्यावर टिचकी मारली की संवाद सुरू होतो, आणि मग कळतं की ही पिशवी तिची नाहीच, दुसऱ्याच कुणाची आहे. तीही नोंदवून घेतली जाते.

विरारचा भाग अजून कोरा आहे. तिथली चौकी कुठल्या फलाटावर आहे आणि तिच्या खिडकीतून काय दिसतं, हे पाहून आल्याशिवाय ते चित्र काढणार नाही, असं चित्रकर्तीने जाहीर केलंय. पुढच्या रविवारी विरार लोकल पकडायचं ठरलंय.