घरबसल्या पूरक उत्पन्न : संधी आणि सावधगिरी
शेती वा नोकरी सांभाळून इंटरनेटद्वारे चार पैसे अधिक मिळावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. भाषांतर, शिकवणी, गोधड्या किंवा मसाल्यांची विक्री हे त्याचे सरळ मार्ग होत. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. कमिशन, बांधणी व परत आलेला माल यांचा खर्च वजा जाता जे उरते, तीच खरी मिळकत.

मात्र कामाआधीच अनामत मागितली गेल्यास सावध व्हावे. आरंभी खात्यात जमा होणारे शे-दोनशे रुपये हे पुढील मोठ्या रकमेसाठी लावलेले आमिष असते. फसवणूक झाल्यास संकोच न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. विलंब टळला, तर रक्कम अन्यत्र वळती होण्यापूर्वी गोठविणे शक्य होते.