लोणारच्या पाण्यात मासा का तगत नाही?

बुलढाणा जिल्ह्यात गोड्या पाण्यातल्या मासळीला तोटा नाही. धरणांच्या पाण्यात रोहू आणि कटला वाढतात, चिखलगाळात मरळ दबा धरून बसते. पण जिल्ह्यातलं सगळ्यांत गाजलेलं पाणी या हिशेबात येतच नाही. लोणारच्या तळ्याकाठी जाळं टाकून बसलेला भोई दिसायचा नाही.

‘पाणी खारं आहे म्हणून’, हे नेहमीचं उत्तर. ते अपुरं आहे. समुद्रही खाराच, आणि बोंबील-सुरमईला त्याचं काही वाटत नाही. लोणारची खरी गोम मिठात नाही, सोड्यात आहे. उल्का आदळून काळ्या बेसाल्टमध्ये साधारण 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. त्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ते फक्त वाफ होऊन उडतं. क्षार मागे राहतात आणि त्यांत धुण्याच्या सोड्याचा वाटा मोठा. म्हणून या पाण्याचा पीएच 10 च्या आसपास जातो. साध्या पाण्याचा 7. फरक तिनाचा दिसतो, पण या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापटीची असते. म्हणजे आम्लपणा देणारे हायड्रोजनचे कण इथे हजारपटीनं कमी!

माशाचं घोडं अडतं ते इथेच. प्रथिनं पचली की शरीरात अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. आपलं यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं. बहुतेक मासे एवढी उठाठेव करत नाहीत. अमोनिया कल्ल्यांतून सरळ पाण्यात सोडून देतात. बाहेर पडलेल्या अमोनियाला पाण्यातला हायड्रोजन चिकटला, की त्याला कल्ल्यांतून परत आत शिरणं अवघड जातं. फक्त बाहेरच उघडणारं दार म्हणा ना. सोड्याच्या पाण्यात चिकटायला हायड्रोजनच अपुरा. अमोनिया बाहेर जायचा थांबतो, रक्तात साठतो आणि मेंदूवर चढतो. पाण्याबाहेर मासा तडफडतो हे सगळ्यांना ठाऊक. इथे तो भर पाण्यात तडफडेल.

मग सोड्याच्या पाण्यात मासा अशक्यच? नाही, आणि खरी गंमत तर इथेच आहे. केनियात मगाडी नावाचं तळं आहे, पीएच असाच 10 च्या घरात. त्याच्या काठच्या उष्ण झऱ्यांच्या डबक्यांत बोटाएवढी तिलापिया राहते, पाणी 40 अंशांच्या आसपास तापलं तरी. ती अमोनिया सोडतच नाही. जवळजवळ सगळा युरिया करून टाकते. त्यासाठी लागणारी विकरं तिच्या चक्क स्नायूंतही सापडतात. या कारखान्याला ऊर्जा फार लागते, त्यामुळे ती सदा खा-खा करत निळं-हिरवं शेवाळ खरवडत असते. रात्री पाण्यातला प्राणवायू घटला की पृष्ठभागाशी येऊन हवा गिळते. आणि एवढ्या सगळ्यात मादी अंडी तोंडात धरून उबवते!

तसलंच शेवाळ लोणारातही आहे. पाण्याला एरवी हिरवा रंग येतो तो त्याचाच. (जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं, ते मात्र मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे.) म्हणजे ताट वाढलेलं आहे, जेवणारा मासा तेवढा नसायचा. माझ्या मते कारण इतिहासात आहे. मगाडीच्या जागी हजारो वर्षांपूर्वी मोठं, बरंच गोडं तळं होतं आणि त्यात मासे होते. ते आटत, खारावत गेलं आणि त्या बदलाशी जुळवून घ्यायला माशांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाल्या. लोणारच्या बंद खळग्याला असं माशांनी भरलेलं जुनं सरोवर मिळालं नाही. कोणी एखादी मरळ आणून सोडली, तर तिच्या हाती पिढ्या नसतात, फार तर काही तास.

विवराच्या कडेला धारेचा गोडा झरा आहे. असं गोडं पाणी फार साठलं की सोडा पातळ होतो आणि पीएच उतरतो. म्हणून या तळ्यात कधी मासोळ्या खेळताना दिसल्या, तर त्यांचं कौतुक करण्याआधी पाण्याचा पीएच मोजावा.